पित्त झालंय, म्हणजे नक्की काय झालंय?

(गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



महाप्रसादाच्या आदल्या दिवशी मंडळाने आम्हाला पचनसंस्थेवर बोलायला सांगितलं. कार्यकारिणीचा हेतू आम्ही ओळखून आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. फार्मसीचा डिप्लोमा करून सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसणारे. तिथे आपल्या मराठी माणसांकडून एक शब्द फार ऐकू येतो : पित्त. छातीत जळजळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, उजव्या कुशीत कळ आली तरी पित्तच. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात राहून आपलं हिंदी पक्कं झालं, पण हा शब्द आपण तसाच उचलून हिंदी डॉक्टरांपुढे ठेवतो आणि ते भलतंच काही समजतात. तेव्हा घासाबरोबर खाली उतरून पाहू.

तोंडात लाळ पिठूळ पदार्थ पचवायला सुरुवात करते. न चावता मोदक गिळणारा ते काम पुढच्या टेबलावर ढकलतो. आम्हा सरकारी माणसांना ही पद्धत परिचयाची आहे. पुढे सुमारे २५ सेंटिमीटरची अन्ननलिका, आणि मग जठर. जठरातलं आम्ल चांगलंच जहाल असतं. जठराला आतून त्यापासून वाचवणारा चिकट थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो. दोहोंच्या मध्ये झडपेसारखा स्नायू आहे. तुडुंब जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि जळजळतं. तुपातळ-तेलकट अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळतं. आरती, मंत्रपुष्पांजली होऊन साडेदहाला पान वाढायचं आणि अकराला पाठ टेकायची, हे जमत नाही. मध्ये दोन-तीन तास हवेत. पँटोप्राझोलसारखी गोळीही जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. पंगत उठल्यावर खिशातून काढून वाटायची ती बडीशेप नव्हे.

पण हे झालं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं, चवीला कडू. ते पित्ताशयात साठतं आणि स्निग्ध अन्न लहान आतड्यात आलं की पित्ताशय आकसून ते सोडतं. साबणाने तेलकट भांडं सुटतं, तसं पित्त तुपाचे बारीक कण करतं. मग स्वादुपिंडाचा रस आणि सहा मीटरचं लहान आतडं उरलेलं काम करतात. मोठं आतडं पाणी शोषतं.

या पित्ताशयातच खडे होतात आणि उत्तर भारतात त्यांचं प्रमाण दक्षिणेपेक्षा जास्त आहे. आपण इथलेच झालो, तेव्हा हे आपल्यालाही लागू. लश्करातली बेडई खाल्ल्यावर तासाभरात उजव्या फासळ्यांखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येते, कधी उजव्या खांद्यामागे जाते. बेडईने खडा होतो असं नाही. आकसणारं पित्ताशय त्याची खबर देतं. इथे सोड्याचा उपयोग नाही, सोनोग्राफी करावी. सोबत ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.

अंगावर उठतं त्या पित्ताचा यकृताशी संबंध नाही. ती बहुधा ॲलर्जी. आमसुलाचं पाणी खुशाल लावा, पण ओठ सुजले, श्वास लागला तर थांबू नका.

आणि चौथं ‘पित्त’ पोटाचं नसतंच. छातीवर दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ ही हृदयाची असू शकते. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी नुसती मळमळ, नुसता थकवा जाणवतो. आपल्या घरांतल्या आज्या-काकू अशा वेळी आलं-लिंबू चाटून, ‘आरती होऊ दे, मग बघू’ म्हणतात. त्यांचं ऐकायचं नाही. गाडी काढायची, ईसीजी काढून घ्यायचा आणि डॉक्टरांना ‘पित्त हो गया’ न म्हणता दुखतंय कुठे, कधीपासून, काय खाल्ल्यावर किंवा किती चालल्यावर, एवढंच सांगायचं.