केसपेपरवरचा मोकळा रकाना



१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभारलेल्या या सरकारी कारखान्यातून देशी पेनिसिलिन बाहेर पडू लागले. औषध मिळवायचे कसे, हा त्या पिढीपुढचा प्रश्न होता. २०१० मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या २२ मध्ये ही औषधे निकामी करणारे एनडीएम-१ हे विकर सापडले. आता प्रश्न औषध टिकवायचे कसे, हा झाला आहे.

टिकवायचे तर आधी वापराचा हिशेब हवा. आज वॉर्डात किती रुग्णांना प्रतिजैविक चालू आहे, कशासाठी आणि कधीपर्यंत, याचे उत्तर किती रुग्णालये संध्याकाळपर्यंत देऊ शकतील?

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने हा हिशेब मांडून पाहिला. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत ९,६५२ दाखल रुग्णांची पाहणी झाली. ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविक चालू होते. लिहिलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के, संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली होती. उपचारासाठी दिलेल्या औषधांपैकी नेमका जिवाणू कळल्यानंतर लिहिलेली अवघी ६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत जपून वापरायच्या ‘वॉच’ गटातली औषधे ५७ टक्के होती आणि नेहमीच्या वापराच्या ‘ॲक्सेस’ गटातली ३८. मानवी वापरातल्या प्रतिजैविकांत ‘ॲक्सेस’चा वाटा २०३० पर्यंत जगभर ७० टक्क्यांवर न्यायचा, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०२४ मध्ये ठरले. मोठ्या रुग्णालयांकडे गुंतागुंतीचे रुग्ण येतात, हे मान्य करूनही ही दरी फार मोठी आहे.

या आकड्यांमागे बेफिकीर डॉक्टर शोधायला जाऊ नये. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेला, रक्तदाब घसरलेला रुग्ण येतो. रेसिडेंट कल्चर पाठवतो आणि लगेच इंजेक्शन सुरू करतो. ते बरोबरच आहे. सेप्टिक शॉकमध्ये पहिल्या तासात प्रतिजैविक मिळालेच पाहिजे. अडचण तिसऱ्या दिवशी सुरू होते. कल्चरचा रिपोर्ट प्रयोगशाळेच्या संगणकावर येऊन थांबलेला असतो, रेसिडेंटची ड्यूटी बदललेली असते आणि केसपेपरवर ‘सीएसटी’, म्हणजे तेच उपचार पुढे चालू, एवढी तीन अक्षरे पडतात. औषध सुरू का केले हे कुठे लिहिलेले नसते, म्हणून ते थांबवायचे धाडस कोणी करत नाही.

हे फक्त भारतात घडते असेही नाही. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये ५३ देशांतल्या ३०३ रुग्णालयांची एकाच पद्धतीने पाहणी झाली. औषधाचे कारण सुमारे ७७ टक्के नोंदींत सापडले. फेरविचाराची किंवा थांबवण्याची तारीख मात्र ३८ टक्क्यांतच होती.

प्रतिजैविकांच्या डिजिटल ऑडिटचे काम कारणाच्या आणि तारखेच्या या मोकळ्या रकान्यापासून सुरू होते. ठरलेल्या दिवशी वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाचे औषध, मात्रा, मार्ग, कारण, कल्चर पाठवले की नाही आणि फेरविचाराची तारीख एका ठरावीक फॉर्ममध्ये भरली जाते. संगणक त्याच दिवशी बेरीज करतो.

ऑस्ट्रेलियाने हे काम सातत्याने केले. मेलबर्नमधील एका केंद्रामार्फत चालणाऱ्या राष्ट्रीय पाहणीत रुग्णालये वेबवरच्या फॉर्ममध्ये नोंदी भरतात आणि प्रत्येक औषध योग्य होते का, याचा निवाडा ठरलेल्या श्रेणींमध्ये देतात. तिथे एक दुखणे ठळक दिसले: शस्त्रक्रियेनंतर २४ तास उलटून गेले तरी चालू राहणारे प्रतिबंधक औषध. २०१३ मध्ये अशा नोंदींचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. ते ५ टक्क्यांखाली असावे, अशी अपेक्षा होती. २०१५ पर्यंत ते ३० टक्क्यांच्या खाली आले. उद्दिष्ट दूरच राहिले, पण काटा हलला.

आकडा नुसता गोळा करून भागत नाही, तो लिहिणाऱ्याच्या हातात परत जावा लागतो. अमेरिकेत बोस्टन आणि लॉस एंजेलिस परिसरातल्या ४७ दवाखान्यांत सर्दी-खोकल्यासारख्या आजारांत अनावश्यक प्रतिजैविके कमी करण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. एका गटात डॉक्टरला कारण टाइप करावे लागे आणि ते रुग्णाच्या नोंदीत दिसे. दुसऱ्या गटात डॉक्टरला आपले प्रमाण उत्तम काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या तुलनेत कळवले जाई. पहिल्या गटात अनावश्यक औषधे २३.२ टक्क्यांवरून ५.२ वर उतरली, दुसऱ्या गटात १९.९ वरून ३.७ वर. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातही घट झाली, पण १३.१ टक्क्यांपर्यंतच. प्रयोग संपल्यावर प्रमाण पुन्हा वाढू लागले, हेही लक्षात ठेवायला हवे. हे बाह्यरुग्णांचे दवाखाने होते. रुग्णालयांपुरते पाहिले तर २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने २२१ अभ्यास तपासले. प्रतिजैविकांचा वापर सुधारण्याच्या उपायांनी मार्गदर्शक सूचनांचे पालन ४३ वरून ५८ टक्क्यांवर गेले, औषधाचा काळ सरासरी दोन दिवसांनी घटला आणि मृत्यू वाढले नाहीत.

मात्र ऑडिट शिक्षेचे साधन झाले की नोंदी खोट्या होतात. आयसीयूची तुलना अस्थिरोग वॉर्डाशी केली की तो अन्याय ठरतो. आणि पडद्यावर दर मिनिटाला इशारे झळकू लागले की ते न वाचता बंद करायची सवय लागते.

जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालकांनी देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांना पत्र लिहून प्रतिजैविक देताना त्याचे कारण चिठ्ठीवर नोंदवण्याची विनंती केली. हे पत्र लिहिणारे डॉ. अतुल गोयल मुंबईच्या केईएममध्ये वाढलेले न्यूरोसर्जन. वॉर्डातली गर्दी त्यांना नुसती ऐकून ठाऊक नव्हती. तेव्हा ही मागणी परकी नाही.

या परिषदेपुढे तीन सूचना ठेवीत आहे. जिथे केसपेपर अजून कागदीच आहे, तिथेही मोबाइलवरच्या साध्या फॉर्मने सुरुवात करावी. संगणकीकरणाची वाट पाहू नये. पहिले लक्ष्य शस्त्रक्रियेनंतर २४ तासांपुढे चालणारे औषध हे असावे, कारण ते मोजायला सोपे आहे आणि थांबवायला कल्चर लागत नाही. आणि ऑडिटचा निकाल आठवड्याच्या आत त्या त्या युनिटच्या राउंडमध्ये फार्मासिस्ट आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांनी स्वतः मांडावा. या कामासाठी त्यांच्या ड्यूटीत राखीव वेळ देणे ही अधिष्ठात्यांची आणि जिल्हा शल्यचिकित्सकांची जबाबदारी आहे.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा प्रतिजैविक-रोधाविषयी जागृतीचा जागतिक सप्ताह असतो. यंदा त्यातला एक दिवस पोस्टर स्पर्धेऐवजी ऑडिटला द्यावा आणि तीन महिन्यांनी त्याच वॉर्डात तोच फॉर्म पुन्हा भरावा. जी रुग्णालये तयार असतील त्यांनी दुपारच्या सत्रात नावे द्यावीत. फॉर्मचा मसुदा तिथेच सर्वांनी मिळून पक्का करू.