पिकते तिथे विकत नाही, ही म्हण खोटी ठरवा

(बालाघाट येथे मराठी भाषिक नागरिकांच्या सभेत आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आजच्या सभेचा विषय वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटली असेल. पॉडकास्ट! हे काय नवे खूळ, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. शब्द परका आहे आणि वयानेही कोवळा आहे. इंग्लंडमधील 'गार्डियन' पत्रात २००४ साली तो अवतरला. परंतु शब्दावर जाऊ नका, वस्तू पाहा. एकाने बोलावे, यंत्राने ते टिपून घ्यावे, आणि ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने ते खिशातल्या फोनवर ऐकावे, एवढाच त्याचा अर्थ. कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या आणि दंडारीसाठी रात्र जागवणाऱ्या आपल्या समाजाला ऐकण्याची विद्या नव्याने शिकवावयास नको.

मला आज निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. आपल्यातील कोणी तरुण किंवा तरुणी आपल्या बोलीत असे काही बोलू लागली, तर तिच्या पाठीशी उभे कोण राहणार?

वैनगंगेकाठच्या आपल्या बोलीची दखल आजवर घेतली कोणी? प्रथम घेतली ती ग्रियर्सनसाहेबांनी. भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या खंडात बालाघाटच्या 'मरहेटी'ची नोंद आहे. पुढे १९१३ ते १९२९ या काळात त्याच सर्वेक्षणासाठी देशोदेशीच्या बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरविण्यात आल्या. हे उपकार आपण नाकारीत नाही. परंतु बोलींचा नमुना म्हणून त्या सर्वेक्षणाने गोष्ट कोणती निवडली होती? बायबलातील उधळ्या पुत्राची! विषय साहेबांचा, हेतू साहेबांचा, यंत्र साहेबांचे. आपली होती ती केवळ जीभ.

नंतर आकाशवाणी आली. १९४८ च्या जुलैत नागपूर केंद्र सुरू झाले आणि मराठी शब्द घराघरांत पोहोचला. आकाशवाणीने काय साधले याचा एकच दाखला देतो. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते महाराष्ट्राच्या कानी पडली. शब्द माडगूळकरांचे, स्वर सुधीर फडके यांचा, हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु दर आठवड्याची वेळ राखून ठेवणारे, वादक, खोली आणि यंत्रे यांची तजवीज करणारे आणि कवीकडून वेळेवर गीत काढून घेणारे सीताकांत लाड यांच्यासारखे अधिकारी त्यामागे नसते, तर ते काव्य त्या रूपात जन्माला आले असते काय? प्रतिभेला पंख असतात हे खरे. पण तिला बसावयास फांदी लागतेच.

आज यंत्र स्वस्त झाले आहे. परवाना नको, केंद्र नको, कोणाच्या शिफारशीची चिठ्ठी नको. पुण्या-मुंबईकडे 'भाडिपा', 'थिंक बँक', 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' अशा मंडळींनी मराठीत बोलण्याचा नवा फड उभा केला आहे, आणि त्यांचे कौतुक आपण मनमोकळेपणाने केले पाहिजे. परंतु बालाघाटच्या, वारासिवनीच्या, कटंगीच्या किंवा लांजीच्या मुलाने मायक हाती धरला, की त्याच्यापाशी ना वेळ राखून ठेवणारे केंद्र असते, ना जाहिरातदार. सीताकांत लाडांची ती खुर्ची आज रिकामी आहे. तिच्यावर आता श्रोत्यांनी, म्हणजे तुम्ही आणि मी, बसावयाचे आहे.

कोणी म्हणेल, "यू-ट्यूब पैसे देतेच की!" देते, पण केव्हा? वाहिनीचे १००० सदस्य व्हावे लागतात आणि बारा महिन्यांत प्रेक्षकांनी मिळून ४००० तास ती पाहावी लागते, तेव्हा जाहिरातीच्या उत्पन्नातील वाटा मिळू लागतो. तोही मोठ्या चित्रफितींवर शंभरातील पंचावन्न. आता जरा हिशेब मांडू. आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग धरला, तर वर्षाचे तास झाले २६. अवघ्या १६० माणसांनी प्रत्येक भाग शेवटपर्यंत ऐकला, तर ४१६० तास भरतात! एका वस्तीच्या चावडीवर बसणारी माणसे ती अट पुरी करू शकतात. सदस्य होण्यास तर दमडीही पडत नाही. मग अडले कोठे? अडले ते आपल्या आळसापाशी. दूरच्या नामांकितांचे भाग आपण दहा जणांना पाठवतो आणि शेजारच्या पोराने तयार केलेला भाग दोन मिनिटे ऐकून बाजूला सारतो. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण आपणच दररोज खरी करीत आहोत.

आणि या बाबतीत आपल्याला गुरू शोधावयास लांब जावे लागत नाही. आपल्या दक्षिणेस भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या मुलखात झाडीपट्टीची रंगभूमी नांदते आहे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले, की देसाईगंज-वडसा येथील नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, आणि कडाक्याच्या थंडीत शेतकरी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतो. त्याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सरकारने मान दिला हे उत्तमच झाले. परंतु तो मिळेपर्यंतची कित्येक वर्षे ती रंगभूमी जगवली कोणी? तिकीट काढणाऱ्याने! नाटकाला जो दाम आपला माणूस आनंदाने मोजतो, तो फोनवरील कलेला मोजताना हात आखडता का घ्यावा?

जगातही पाहा. अमेरिकेसारखा बलाढ्य शेजारी लाभलेल्या कॅनडाने १९७१ साली असा नियम केला, की तेथील रेडिओ केंद्रांनी वाजवावयाच्या संगीतात किमान तीस टक्के संगीत स्वदेशी असावे. शेजाऱ्याशी वैर म्हणून त्यांनी तसे केले नाही. घरचा गवई उपाशी मरू नये म्हणून केले. आपल्या हाती कायदा नाही. परंतु आठवड्यातील आपल्या ऐकण्याचा तिसरा हिस्सा घरच्या आवाजासाठी राखून ठेवण्यास कोणत्या विधिमंडळाची अनुमती लागते?

बंधुभगिनींनो, ही केवळ करमणुकीची गोष्ट असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गोळा झाल्या म्हणून उरल्या. कारण पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीच मुकी झाली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या कंठातील गाणी कोणी टिपली आहेत? भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत घाम गाळलेल्यांच्या कहाण्या, सातपुड्यातून धावणाऱ्या त्या अरुंद रुळांच्या गाडीच्या आठवणी, चिन्नोरच्या बांधीतले रोवणीचे बोल कोणाच्या संग्रही आहेत? आपल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो पिकवणाऱ्याच्या बोलीला मात्र कोणतेच मानांकन नाही. पोवारी ही मराठीची की हिंदीची, या वादात मी आज शिरत नाही. जनगणनेने तिला हिंदीच्या रकान्यात घातले आहे. रकाना कोणताही असो, बोलणारी माणसे गेली की तो रिकामाच होणार! एकेक आजी जाते, आणि तिच्याबरोबर एकेक ग्रंथ सरणावर चढतो.

म्हणून माझे मागणे अगदी व्यवहाराचे आहे. ज्याच्या घरी बोलके वृद्ध आहेत, त्याने या मुलांना आपण होऊन बोलवावे. वाचनालयांनी आठवड्यातील दोन संध्याकाळी एक शांत खोली त्यांच्या स्वाधीन करावी. पंखा आणि रस्त्याचा गलबला ध्वनिमुद्रणाचा घात करतो. गिरणीवाल्यांनी व दुकानदारांनी भिंती रंगविण्यावरील खर्चातून थोडा भाग यांच्या जाहिरातीकडे वळवावा. आणि गणेशोत्सवाला देतो तशी वर्षाची शंभर रुपये वर्गणी प्रत्येक घराने द्यावी. हजार घरांचे लाख रुपये होतात. त्यांतून चांगले मायक येतील, आणि खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या मुलांचा प्रवासखर्चही निघेल.

या मुलांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. श्रोत्यांचा दाम घ्याल, तर त्यांचा हिशेब चोख ठेवा. ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगू नका. ज्याचा आवाज टिपाल, त्याची संमती घ्या आणि त्याचे श्रेय त्याला द्या. आणि कृपा करून पुण्याची नक्कल करू नका! तुमच्या तोंडी तुमचीच बोली शोभते. पुण्याची भाषा बोलावयास पुणेकर समर्थ आहेत.

सभागृहाच्या दाराशी दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत वर्गणीदारांनी नावे लिहावीत. दुसरीत आपल्या ओळखीच्या गाणाऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या, जुना काळ पाहिलेल्या वृद्धांची नावे व गावे लिहावीत. पहिली वही कोरी राहिली, तर पैसे पुढच्या वर्षीही गोळा करता येतील. दुसऱ्या वहीतील नावे मात्र पुढच्या वर्षाची वाट पाहत थांबणार नाहीत. म्हणून ती आधी भरा.