वेगळा संडास नाही म्हणून

मैत्रिणींनो, संशोधन-जहाजावर समुद्राच्या पाण्याचं रसायन तपासणाऱ्या बाईला रात्र-दिवस नसतो. खोलवरून पाणी भरलेल्या बाटल्या वर आल्या, की रात्रीचे दोन का असेनात, आधी ऑक्सिजनचा नमुना. नळी छोट्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी ओसंडू द्यायचं. हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा बिघडला. यात पुरुषाचंच असं काय आहे? तरी अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेत १९५० च्या दशकात लांबच्या सफरींना बायकांना मज्जाव. सबब काय, तर वेगळा संडास नाही! जहाजात अख्खी प्रयोगशाळा मावते, संडास तेवढा मावत नाही. १९५६ मध्ये रोबर्टा आइक ही विद्यार्थिनी लपून जहाजावर गेली, तर तिची शिष्यवृत्तीच काढून घेतली. आपल्याकडच्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ साली गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाल्या, त्याही जहाजानंच, आणि काम करून परतल्या.