कोठडीची कडी

बंगळूरच्या आग्नेय दिशेस, एका मोठ्या तळ्याच्या काठी, बेळ्ळंदूर नावाचे गाव आहे. गेल्या काही दशकांत संगणक-उद्योगाच्या कचेऱ्यांनी ते वेढून टाकले आणि सर्व प्रांतांतील तरुण तेथे राहावयास आले. त्यांत मराठी घरांतील मुलेही आहेत. समजा, त्यांपैकी एखाद्याचे मन एकाएकी बिघडले. झोप उडाली, कोणी आपला पाठलाग करीत आहे असा भ्रम जडला, आणि सोबत्यांनी त्याला रात्री इस्पितळात नेले. तेथे तो ओरडतो, हात झाडतो. परिचारिकेला त्याची भाषा कळत नाही आणि त्याला तिची. त्याला खाटेला बांधावे, की कोठडीत घालून बाहेरून कडी लावावी, की आणखी काही करावे? मनोरुग्णालयाची खरी परीक्षा होते ती या घटकेला.

हा प्रश्न जुनाच आहे. १८३९ साली जॉन कॉनोली या वैद्याने इंग्लंडातील हॅनवेलच्या इस्पितळात रोग्यांना बांधण्याची साधने वापरणे बंद केले. आपल्याकडे मात्र १९१२ च्या कायद्याचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. त्या वातावरणात अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी रोग्यांसमवेत नातेवाइकांनाही ठेवून घेतले. उशाशी आपले माणूस असले की भय ओसरते, आणि भय ओसरले की आक्रस्ताळेपणाही उणावतो. वेलोर येथे, तसेच बेळ्ळंदूरपासून काही कोसांवर होसूर रस्त्यावर असलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतही, कुटुंबाला सोबत ठेवण्याची पद्धत रुजली.

तरीही साखळदंड संपले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या माणसांना पळता आले नाही. २८ जण प्राणास मुकले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणे आणि एकांतात कोंडणे निषिद्ध ठरविले. शारीरिक बंधन घालावयाचे ते केवळ तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हा, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने व जरुरीपुरतेच. त्याची नोंद ठेवावी, रोग्याने नेमलेल्या प्रतिनिधीस चोवीस तासांत कळवावे, असाही दंडक आहे. शिक्षा म्हणून किंवा नोकरवर्ग अपुरा आहे म्हणून कोणास बांधता येत नाही.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. रात्रपाळीस मोठ्या दालनात एकटीच परिचारिका असेल, तर तिच्या हाती दोरीवाचून काय उरते? तिच्याही अंगावर घाव बसू शकतो. म्हणून सक्ती कमी करावयाची तर आधी माणसे वाढविली पाहिजेत आणि त्यांना शिकविले पाहिजे. रोगी येरझारा घालू लागला, मुठी आवळू लागला, की तेव्हाच त्याच्याशी बोलावे. भोवतीची गर्दी हटवावी. एकानेच, हलक्या आवाजात, थोड्या अंतरावरून विचारावे. पाणी द्यावे, औषध कसे घेणार ते त्याला ठरवू द्यावे, दार उघडे असलेल्या शांत खोलीत बसवावे. बांधण्याची वेळ आलीच, तर नजर त्याच्यावरून हलू नये. कारण झटापटीत श्वास कोंडून मृत्यूही ओढवतो. आणि तो सावरल्यावर, काय चुकले, हे त्यालाही विचारावे.

कुटुंबाच्या सोबतीलाही मर्यादा आहेत. कित्येकांना कोणी नसते, आणि कित्येकदा पहिली साखळी घरातच पडलेली असते.

बेळ्ळंदूरच्या त्या तरुणासाठी अशा वेळी कोणी मराठी जाणणारा शोधून आणला, तर कदाचित एवढेच उमगेल की तो मघापासून पाणी मागत होता, आणि आईला कळवा म्हणत होता. बांधलेला माणूस बरा होऊन घरी जातो, पण पुन्हा दुखणे उलटले तर इस्पितळाची पायरी चढावयास भितो. ज्याचे म्हणणे त्या रात्री कोणी ऐकून घेतले, तो मात्र वेळेवर आपण होऊन येतो.