आधी परतीची वाट

द्वारकेहून बोलतोय. ८ एप्रिल २०२१ला गोंदियाच्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. १३ जून २०२४ला अल्मोड्याजवळ बिनसरला चार वनकर्मचारी गेले. होरपळलेल्या साथीदारांना विमानाने इथे दिल्लीला, एम्समध्ये आणलं. धाडस कुणाचंच कमी नव्हतं.

फौजेत गस्तीला निघण्यापूर्वी परतीची वाट ठरवतात. वणव्याचंही तसंच. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पेटलेल्या उताराच्या वरच्या बाजूला थांबू नका. वारा फिरला की शांत वाटणारी आगही उसळते.

अमेरिकेतले अग्निशामक पॉल ग्लीसन यांनी १९९१मध्ये चार गोष्टी सांगितल्या. एक, फक्त आगीवर नजर ठेवणारा माणूस. दोन, सगळ्यांपर्यंत पोहोचणारा इशारा. वायरलेस नसेल तर शिट्टी. तीन, निसटायच्या किमान दोन वाटा. चार, सुरक्षित जागा. पूर्ण जळून थंड झालेली जमीनही चालते. यातली एक जरी नसली, तरी आगीजवळ जायचं नाही.

तुमच्या गावची पोरं वणवा विझवायला जात असतील, तर त्यांना या चार गोष्टी बोटांवर मोजायला लावा.