लांबचा सायकलप्रवास आणि घरची तयारी
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या महिन्यात वरच्या वर्गातील चार मुले माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, आम्हांला सायकलवर मुरूडला जायचे आहे. जमले तर पुढे कधीतरी किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत. तयारी काय करावी?" दोनच दिवसांनी त्यांतल्या एका मुलाचे वडील मला रस्त्यात भेटले. ते म्हणाले, "सर, आमचा मुलगा तुमचे ऐकतो. तेवढे त्याला नाही म्हणा."

मुलाला वाट हवी होती आणि वडिलांना नकार हवा होता. मी दोघांनाही तेव्हा काही बोललो नाही. आज दोघेही समोर बसले आहेत, म्हणून दोघांना एकच उत्तर देतो. पण आधी एक जुनी गोष्ट सांगतो. तीत चूक माझीच आहे.

मी कॉलेजात असताना आम्ही तीन मित्र सायकलने मुरूडला निघालो. माझी सायकल मागून आणलेली होती. घरी मी सांगितले, कल्याणला खालाकडे अभ्यासाला जातो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एका मित्राच्या सायकलचे ब्रेक मी पाहिले होते. पुढचे रबर झिजून पत्र्याला लागले होते. मला ते दिसले, पण बोललो नाही. बोललो असतो तर दुकान उघडेपर्यंत थांबावे लागले असते, आणि आम्हांला तर पहाटे पळायचे होते.

पनवेलपर्यंत मजेत गेलो. पुढे कर्नाळ्याची खिंड चढलो आणि उतरणीला मित्राची सायकल आवरेना. तो रस्त्याच्या कडेला दगडांवर पडला. मनगट मोडले. एका ट्रकवाल्याने त्याला पनवेलच्या दवाखान्यात नेऊन सोडले. आम्ही कुठे आहोत हे भिवंडीत कोणालाच ठाऊक नव्हते. निरोप पोचायला संध्याकाळ झाली आणि माझे अब्बा एस. टी. ने आले तेव्हा रात्र झाली होती.

मला वाटले, आता मार बसणार. अब्बांनी हात उगारला नाही. ते एवढेच म्हणाले, "सायकलवर गेलास याचा राग नाही. सांगितले नाहीस, याचा आहे. मी विचारले असते तर निदान ब्रेक तरी बघितला असता."

त्या मित्राचे मनगट पुढे कधी पूर्ण वळले नाही. त्याने आयुष्यभर मागावर काम केले, आणि तुटलेला धागा जोडताना तो हात तसाच अवघडलेला मी पाहिला आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ते ओझे माझ्यावरून उतरले नाही.

तर मुलांनो, माझे पहिले सांगणे हे की लांबच्या प्रवासाची तयारी सायकलच्या दुकानात सुरू होत नाही, घरात सुरू होते. आणि पालकहो, आपल्यालाही सांगतो. मुलाला नाही म्हटल्याने तो जायचा थांबतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त सांगायचा थांबतो.

आता वाटेचे बोलू. भिवंडीहून कल्याण, शीळफाटा, तळोजा, पनवेल, कर्नाळा असे पेणपर्यंत साधारण ८० किलोमीटर होतात. पेणहून अलिबाग ३० किलोमीटर. पुढे चौल-रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून काशीदवरून मुरूड. अलिबाग ते मुरूड हे अंतर ५० किलोमीटरांच्या आसपास आहे. नवख्याने हा प्रवास तीन दिवसांचा धरावा. पहिल्या दिवशी पेण, दुसऱ्या दिवशी रेवदंडा आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत मुरूड. भिवंडी ते पनवेल हा तुकडा कंटेनर आणि ट्रकांचा आहे. तेथे सायकल चालवण्यात काही बहादुरी नाही. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली. बोटीने गेल्यास तो सगळा रस्ता टळतो. सायकल घेतात का आणि वेळ कोणती, हे आधी विचारून घ्यावे.

मुरूडच्या पुढे रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग आहे. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हा या मार्गाची कल्पना पुढे आली. अंतुले सावित्रीकाठच्या आंबेतचे. खाडीपलीकडच्या गावाला जायचे तर किती वळसा पडतो, हे त्या भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मार्ग पाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि वाटेत खाड्या आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी फेरीबोटी चालत आल्या आहेत. कुठे पूल झाला, कुठे बोट चालू आहे, याची चौकशी निघण्याच्या आठवड्यात करावी. शेवटची बोट चुकली तर रात्र धक्क्यावर काढावी लागते.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असा अनेकांचा समज असतो. कोकणात तो खोटा ठरतो. खाडीकाठचे गाव समुद्रसपाटीला असते. तेथून रस्ता एकदम जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. दिवसात असे चार-पाच चढ सहज येतात. म्हणून पायांइतकीच काळजी ब्रेकची घ्यायची. उतरणीला दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे दाबत थोडे सोडत वापरावेत. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. चढ फार झाला तर उतरून सायकल ढकलावी. त्यात लाज कसली?

सायकल महागडीच हवी असे नाही. गिअरची असेल तर चढ सोपे जातात, एवढे खरे. पण ती तुमच्या मापाची हवी. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला तर सीटची उंची बरोबर आहे. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते, आणि मुले म्हणतात, "सर, सायकल आपल्याला झेपत नाही." बहुतेक वेळा अर्ध्या इंचाचा फरक असतो. चाक हातात धरून फिरवा. डगमगत असेल तर तारा कसून घ्या. ब्रेकची रबरे नवी घाला. चेनला तेल द्या. टायरला भेग असेल तर तो टायर गावातल्या फेऱ्यांसाठी ठेवा.

सोबत पंप, दोन जादा ट्यूब, पंक्चरचे सोल्यूशन आणि ठिगळे, टायर काढायच्या पट्ट्या आणि पाने असावेत. ते वापरता येत नसतील तर ते नुसतेच ओझे. माझा नियम असा आहे की ज्याने शाळेच्या पटांगणात स्वतःच्या हाताने तीन वेळा पंक्चर काढले नाही, त्याने माझ्याबरोबर यायचे नाही. सामान पाठीवर न घेता मागच्या कॅरिअरवर बांधावे, आणि ते पाच-सहा किलोंपेक्षा जास्त नसावे.

आता शरीराकडे येऊ. दोन महिने आधी सुरुवात करा. आठवड्यातून चार दिवस पहाटे दहा-बारा किलोमीटर. एका रविवारी लांबची फेरी. अंबाडीवरून वज्रेश्वरी आणि परत, एवढी फेरी भिवंडीकराला सरावाला चांगली आहे. दर आठवड्याला अंतर थोडेथोडे वाढवा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. एकदा तरी लागोपाठ दोन दिवस लांब चालवून पाहा. पहिल्या दिवशी सगळेच दमदार असतात. माणूस कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग ठणकत असताना पुन्हा सीटवर बसताना. आपल्या गावातल्या मुलांना हे वेगळे समजवायला नको. कापड मागावर विणले जाते, पण बीम नीट भरलेला नसेल तर मागावरचा कारागीर काय करणार?

पाण्याच्या बाबतीत हयगय नको. किनाऱ्याची हवा दमट असते. घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे मिश्रण उन्हात उपयोगी पडते. खजूर, केळी, शेंगदाणा-गुळाची चिक्की खिशात असावी. डोके दुखू लागले, अंगावर काटा आला, बोलणे तुटू लागले की सावलीत थांबा. तेथे पुढाऱ्याचा हुकूम चालत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. सकाळी वारा बेताचा असतो. दुपारी समुद्रावरून वायव्येकडचा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाताना तो बहुधा पाठीशी असतो, परतताना तोंडावर येतो. म्हणून जातानाच्या वेगावरून परतीचा हिशेब करू नका. पहाटे उजाडताच निघावे, ऊन तापण्याआधी निम्मे अंतर संपवावे आणि सूर्य मावळल्यावर चाक फिरवू नये. डोक्यावर हेल्मेट, अंगावर भडक रंगाचा सदरा, सायकलला मागे लाल आणि पुढे पांढरा रिफ्लेक्टर असावा. खिशात चिठ्ठी असावी, तीवर नाव, रक्तगट आणि घरचा फोन. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन नंबर पाठ असावेत.

पालकहो, आता आपल्याशी चार शब्द. आपली भीती खोटी नाही. भिवंडीच्या रस्त्यावर रोज काय घडते ते आपण पाहतो. पण भीतीतून नकार देण्याऐवजी भीतीतून प्रश्न विचारा. मुलाकडून एक कागद लिहून घ्या. रोज कुठून कुठे जाणार, कुठे मुक्काम, सोबत मोठे माणूस कोण, फोन किती वाजता करणार, आणि कोणत्या परिस्थितीत परत फिरणार. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. कागद कच्चा असेल तर परवानगी देऊ नका. पक्का असेल तर अडवू नका. मुक्कामाची सोय आपल्याला काही परकी नाही. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, दाभोळ, रत्नागिरी, कुठे ना कुठे आपली सोयरीक असतेच. एक फोन केला की दार उघडते. मुलगा जेवायला पोचला की नाही, तेही तेच कळवतात.

मुलींनाही हा कागद लिहू द्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, जवळजवळ २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी पूर्ण केली. आपल्या मुलीने लगेच जगाला फेरी मारावी असे मी म्हणत नाही. पण शाळेत सायकलवर येणारी मुलगी रविवारी मैत्रिणींसह, एखादी शिक्षिका किंवा घरचे कोणी बरोबर घेऊन, वज्रेश्वरीपर्यंत का जाऊ नये?

परत फिरण्याविषयी एक गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर करून १९२८ साली परतले. बाकीच्या तिघांचा प्रवास वाटेत थांबला. त्यांच्यात धाडस कमी होते असे कोण म्हणेल? ज्या दिवशी पुढे जाणे शक्य नाही, त्या दिवशी थांबणे हाही प्रवासाचाच भाग आहे. ब्रेक झिजला, कोणाला ताप आला, बोट चुकली, तर परत फिरा. समुद्र तिथेच राहणार आहे.

आमच्या फजितीनंतरच्या हिवाळ्यात मी अब्बांसमोर कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग उठून अंगणात गेले, सायकल उलटी केली आणि स्वतः ब्रेक दाबून पाहिला. म्हणाले, "जा. पेणला पोचलास की निरोप पाठव."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुरूडच्या वाळूवर उभा होतो. समोर जंजिरा दिसत होता. मनगट मोडलेला तो मित्र बरोबर नव्हता, आणि ते मला आजही बोचते.

मुलांनो, तुम्हा चौघांना माझे उत्तर होय असे आहे. आधी घरी जा, कागद लिहा आणि अब्बांना सायकल दाखवा. आणि ज्या वडिलांनी मला नाही म्हणायला सांगितले, त्यांना विनंती अशी की आज घरी गेल्यावर मुलाला सायकल अंगणात उलटी करायला सांगा. ब्रेक आधी आपण पाहा.

इन्शाअल्लाह, पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मुरूडच्या प्रवासाचे वर्णन ही मुले स्वतः लिहितील.