इरईचे पाणी



चंद्रपूरचे नाव निघाले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: ताडोबाचा वाघ आणि जमिनीखालचा कोळसा. त्या मुलखातून इरई नावाची एक नदीही वाहते. आज आम्ही बोलणार आहोत ते तिच्याविषयी.

ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान 1955 सालचे. पुढे अंधारी अभयारण्याची जोड मिळून तेथे व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या पश्चिमेला इरई धरणाचा जलाशय आहे. धरण बांधले ते औष्णिक वीजकेंद्रासाठी. पण पाखरांना त्याचे काय? हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके अशाच पाण्यावर उतरतात. उन्हाळ्यात रानातली पाणवठी आटली की चितळ-सांबर काठाशी येतात आणि त्यांच्या मागोमाग वाघ येतो.

धरणाखाली मात्र नदी कोळशाच्या मुलखात शिरते. उघड्या खाणीत कोळशाचा थर हाती लागण्यापूर्वी वरची माती आणि खडक उपसून बाहेर टाकावे लागतात. त्यांचे असे डोंगर उभे राहतात की नवखा पाहुणा त्यांना खरोखरीचे डोंगर समजतो! पावसात ही सुटी माती ओघळून पात्रात येते. डोह बुजतात, मासा जेथे अंडी घालतो ती जागा गाळाखाली जाते. आणि मासा गेला की खंड्या आणि बगळा तरी कशासाठी थांबेल? शिवाय खाण कोरडी राहावी म्हणून पाणी सारखे उपसावे लागते. त्याने भोवतालच्या भूगर्भातले पाणी खाली जाते, आणि उपसलेले गढूळ पाणी न निवळता ओढ्यात सोडले तर नुकसान दुहेरी.

जुन्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते. तिच्या आडोशाला रानडुकरे राहतात, त्यांच्या वासाने बिबट्या आणि वाघ येतात, आणि शेजारीच कामगारांची वस्ती असते. दुर्गापूरच्या बाजूला 2022 साली अशा हल्ल्यांत माणसे दगावली. तेव्हा रानाचा प्रश्न हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न आहे, असे कुणी म्हणू नये.

कायद्याचे म्हणाल, तर वाघाला तो आहे. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि लोहाऱ्याची नियोजित खाण 2009 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अडवली ती ताडोबाच्या वाघासाठीच. पाणथळ जागांसाठी 2017 चे नियम आहेत; पण त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्रच वगळलेले आहे! म्हणजे वाघाची राखण करायची आणि तो जे पाणी पितो ते उघडे टाकायचे, असा हा प्रकार झाला.

कोळसा काढूच नका, असे आम्ही म्हणत नाही. चंद्रपूरचे वीजकेंद्र 2920 मेगावॉटचे आहे, आणि महाराष्ट्रातल्या दिव्यांना त्याचा आधार आहे. आमचे मागणे साधे आहे. ढिगारे पूररेषेच्या बाहेर ठेवा. खाणीचे पाणी हौदात निवळल्यावाचून सोडू नका. ढिगाऱ्यांवर बाभूळ माजू देण्याऐवजी माती धरून ठेवणारे देशी गवत लावा, आणि वस्तीलगतची झुडपे साफ ठेवा. यात अशक्य असे काय आहे?

मृग लागायला आता फार दिवस उरलेले नाहीत. ढिगाऱ्यांच्या पायथ्याचे चर मोकळे व्हायचे असतील, तर ते याच महिन्यात व्हायला हवेत.